चिमाच्या काखेतली गाठ

चिमा खारविणीच्या उजव्या काखेत जन्मापासून एक मऊ गाठ होती. पहिल्या बाळंतपणात ती सुजली आणि तिच्यातून दूध पाझरलं, तेव्हा सुईणीने देवीची देणगी म्हणत हळदकुंकू लावलं. पुढेही प्रत्येक खेपेला तसंच. ओकाऱ्या लागायच्या आधी काख फुगायची. वाडीतल्या किती पोरांना चिमाने पाजलं, थोरली जाऊ भागूबाई हिच्या बाबल्यालासुद्धा. तिची स्वतःची मात्र एकटी मालनच जगली.

त्रेपन्न साली नवरा गंगाराम होडीसकट बुडाला. चिमा डोक्यावर पाटी घेऊन रत्नागिरीच्या बाजारात बांगडे विकू लागली. चार वर्षांनी एका सकाळी पाटी उचलायला तिने हात वर केला आणि भागूबाईला ती काख दिसली. चोळी फाटेल इतकी फुगलेली.

संध्याकाळपर्यंत वाडी पोराचा बाप शोधायला लागली. चिमाचं पोट सपाट होतं, पण पोटाकडे बघतो कोण? भरवसा काखेचा. गावकीने तिला वाळीत टाकलं. होडीवरची मासळी तिला मिळेना. जिचं दूध पिऊन वाढला, तिच्या अंगणात थुंकायला बाबल्याला लाज वाटली नाही.

गाठ दगडासारखी झाली, हात वर जाईना. सासरहून आलेली मालन दवाखान्यात चल म्हणून रडली.

"आता डॉक्टरकडे गेलंय तर सगळी बोलतील, पाडून आली," चिमा म्हणाली. "नऊ महिने भरू दे. मग येतंय."

आणि तिने ते भरले. दुखण्याने दात खात, पण मान वर करून. नववा सरल्यावर ती सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरने सांगितलं, छातीचं मांस जन्मतः काखेतही राहिलं होतं, त्यातच कॅन्सर झालाय. वेळेवर आली असतीस तर कापून काढला असता. आता फार पसरलाय.

"पोर नव्हतं ना?" चिमाने विचारलं. "तेवढं मोठ्यानं बोला."

डॉक्टर बोलला. ऐकायला मालनशिवाय कोणी नव्हतं.

घरी येऊन चिमा दारादारांत सांगत फिरली. पोर कुठे पुरलं, एवढंच तिला विचारलं गेलं. पावसाआधी ती मेली. मेलेल्या बाईचा विटाळ काय धरायचा, म्हणून गावकीने तिला परत घेतलं. शेवटची आंघोळ घालायला भागूबाई आली. पाणी ओतायच्या आधी तिने चिमाचं पोट दोन्ही हातांनी नीट चाचपून पाहिलं.