तिच्या रेकॉर्डिंगमधली शांतता

कणकवलीच्या नर्सिंग कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. मुली दर आठवड्याला आपलं इंग्रजी बोलणं रेकॉर्ड करून डिजिटल पोर्टफोलिओत टाकतात. एकीच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी बराच वेळ नुसता श्वास ऐकू येतो. मी तो भाग पुढे पळवायचे.

"एवढं कापत जा गं," मी एकदा वैतागून म्हटलं.

"नको मॅडम. थंयच मी मनात इंग्रजी वाक्य जुळवतंय."

परवा मी मुलींबरोबर वॉर्डात होते, तेव्हा एक पेशंट आजी हिच्या कानात काही पुटपुटली. मराठी न कळणारे डॉक्टर आजीला इंजेक्शन देणार, इतक्यात हिने त्यांचं मनगट धरलं. आणि गप्प. डॉक्टर भडकले. तिने हात सोडला नाही. तोच श्वास.

"सर, शी इज ॲलर्जिक टू धिस."

या आठवड्याच्या रेकॉर्डिंगमध्येही शांतता तेवढीच होती. मी ती पूर्ण ऐकली.