वैशालीकडे सगळंच जास्त

दोन राज्यांच्या मधोमध काम करणाऱ्यांकडे किस्से फार साचतात. एकाच ऑफिसात चूक झाली तर साहेब कोणाला तरी झापून मोकळे होतात. आमच्याकडे चूक इकडची की तिकडची हे ठरेपर्यंत तिचा किस्सा झालेला असतो!

आमचं काम थोडक्यात असं. नागपूर जिल्ह्याच्या टोकाची गावं आणि त्यांना लागून असलेली मध्य प्रदेशातली गावं. माणसं रोज इकडून तिकडे. मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते, संत्र्याच्या तोडीला मजूर येतात, साप चावला तर जो दवाखाना जवळ तो आपला. आजारांना तर सीमा कुठे आहे हे माहीतच नाही. म्हणून दोन्हीकडच्या आरोग्य खात्यांनी मिळून एक गट केला. आमच्या बाजूला प्रमुख ढोके सर, जीप चालवायला बंडूभाऊ आणि समन्वयाला मी. त्यांच्या बाजूला समन्वयाला वैशाली.

वैशाली माझ्याच वयाची, माझ्याच पदाची, माझ्यासारखीच नुकती आई झालेली. बाकी सगळं तिच्याकडे जास्त. लसीकरण जास्त, आत्मविश्वास जास्त, केस जास्त. बाळंतपणानंतर माझे मूठमूठ गळाले. तिचे कसे नाही गळाले, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

तिची परी आणि माझा ईशान जवळजवळ बरोबरीचे. परी गुबगुबीत, मनगटावर दोरा बांधल्यासारख्या वळ्या. ईशानबद्दल धरमपेठेतले डॉक्टर म्हणतात, "वजन ठीक आहे." ठीक! हा शब्द ऐकून कोणत्या आईला झोप लागली आहे? आपलं दूध पोराला पुरतंय का, एवढा एकच प्रश्न त्या दिवसांत माझ्या डोक्यात फिरत असायचा. तेव्हा पुढचे किस्से जरा आंबट लागले, तर समजून घ्या.

*

पहिली संयुक्त मीटिंग. आम्ही दोघी तेव्हा आई व्हायच्या होतो.

पाहुणे मध्य प्रदेशचे, म्हणून ढोके सरांनी फर्मान काढलं, "सगळ्यांनी हिंदीत बोलायचं. आपल्यामुळे त्यांना त्रास नको." मी आठवडाभर आरशासमोर 'टीकाकरण' आणि 'समन्वय' घोकत होते.

सरांनी सुरुवात केली. "क्या है ना, अपने को मिलके काम करना है. काहे को के, बीमारी बॉर्डर पे रुकती नहीं ना!"

पलीकडची मंडळी शांत. कोणी हसेना, कोणी मान हलवेना. सर घामाघूम. मग लांब वेणीवाली वैशाली उठली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "सर, आम्ही सगळे सौंसरकडचे. घरी मराठीच बोलतो. तुमचं हिंदी तेवढं समजायला जड जाऊन राहिलं!"

हॉल हसून हसून आडवा झाला. सरांनी तिला तिथल्या तिथे चहाचा पहिला कप दिला. माझं 'टीकाकरण' घशातच राहिलं.

*

पल्स पोलिओचा दिवस. सीमेवरच्या एका गावात आमची टीम पोहोचली, तर आजीने नातवाचा डावा हात पाठीमागे धरलेला आणि उजवा पुढे केलेला.

डोस दिला की डाव्या करंगळीवर शाई लावतात. मी म्हटलं, "आजी, डावा दाखवा."

"तो नाही दाखवत."

"काहून?"

"तो तिकडचा हाय. हा इकडचा!"

झालं असं होतं की वैशालीची टीम आमच्या आधीच नदी ओलांडून येऊन गेली होती. आमच्याच गावात! एक डोस जास्त झाल्याने बाळाला काही होत नाही, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. आजी म्हणाली, "मले माहीत हाय. ती वेणीवाली मॅडम सांगून गेली. तुमच्यापेक्षा बेस सांगितलं तिनं."

*

डासांचं भांडण तर दोन महिने चाललं.

मधे नदी. आम्ही आमच्या काठावर धूर मारला की डास पलीकडे. त्यांनी मारला की परत आमच्याकडे. ग्रुपवर मेसेज, "कृपया आपले डास आवरा." ढोके सरांचं उत्तर, "आमचे कशावरून? आधार कार्ड पाहिलं का त्यांचं?"

एका संध्याकाळी मला सुचलं. दोन्ही काठांवर एकाच वेळी धूर मारला तर? मी ग्रुपवर टाइप केलं. वाचलं. फारच साधं वाटलं, एवढं कोणाच्या डोक्यात आलं नसेल का? पुसलं. पुन्हा टाइप केलं. "माझ्या अल्पमतीनुसार" असं पुढे जोडलं. ते लाचार वाटलं. पुसलं.

तेवढ्यात वैशालीचा मेसेज आला, "दोन्हीकडे एकाच टाइमले मारू ना!"

खाली अंगठ्यांची रांग. टाळ्या, फुलं. ढोके सरांनी लिहिलं, "अशा तल्लख माणसांची आपल्या बाजूलाही गरज आहे."

मीही अंगठा दिला. काय करता!

*

आता फोटोचा किस्सा.

आमच्याकडची एक सून पलीकडे माहेरी गेली होती. कळा वाढल्या, नागपूरला न्यायचं ठरलं. तेव्हा पद्धत अशी होती की त्यांची अँब्युलन्स सीमेपर्यंत येणार, आमची तिथून पुढे नेणार. दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या. स्ट्रेचर तिकडून इकडे सरकवत असताना बाळाने ठरवलं की आता थांबायचं नाही.

तिथेच! अर्धं स्ट्रेचर त्यांच्या गाडीत, अर्धं आमच्या. नर्सबाई दोन्हीकडच्या, बाळ एक. खणखणीत रडलं. आई सुखरूप.

लगेच दोन्ही बाजूंच्या आशाताईंची जुंपली, प्रसूती कोणाच्या नावावर? ढोके सरांना फोन लावला. सर म्हणाले, "मी जेवून राहिलो. डोकं कोणत्या राज्यात निघालं ते पहा आणि तिकडे नोंदवा!"

डोकं तिकडे होतं. अर्थातच.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला. वैशाली मध्यभागी, हातात बाळ, वेणी पुढे घेतलेली. मी सलाइनची बाटली उंच धरून उभी होते. फोटोच्या डाव्या कडेला जे कोपर दिसतं, ते माझं.

बंडूभाऊंनी तो पेपर जीपमध्ये जपून ठेवला. म्हणाले, "मॅडम, कोपर मात्र एकदम क्लियर आलं!"

*

ईशान झाल्यावर माझं कामावरचं सगळ्यात आवडतं यंत्र म्हणजे बाळांचा वजनकाटा. मी शिबिरात बायकांना ठासून सांगायची, "बाळ लघवी नीट करतंय ना? खेळतंय ना? मग दूध पुरतंय. उगाच काळजी करायची नाही." आणि शिबिर संपलं की ईशानला पाळण्यात टाकून काटा बघायची. मग काढून पुन्हा टाकायची. मग काटा खराब असेल म्हणून दुसरा मागवायची.

एकदा बंडूभाऊ लांबून पाहत होते. म्हणाले, "मॅडम, काटा कितीही बदला. पोरगं तेच हाय!"

घरी हुडकेश्वरला सासूबाई. त्या कुहीकडच्या, धानाच्या बांधावर वाढलेल्या. त्यांचं प्रेम टोमण्यातूनच बाहेर पडतं. ईशान दोन घोट पिणार, पंख्याकडे बघणार, रडणार, पुन्हा दोन घोट. त्या बघत बसायच्या आणि म्हणायच्या, "काहून वं प्राजक्ता, पोराले तुह्यापेक्षा पंखा जास्त आवडते का?"

मी अळीव खाल्ले, डिंकाचे लाडू खाल्ले, शतावरी घेतली. फुगले मी. ईशान ठीक!

आणि त्याच सुमारास वैशालीने स्टेटसला परीचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "कपडे पुन्हा लहान झाले!"

मी तो फोटो बोटांनी मोठा करून गालांपासून पोटरीपर्यंत तपासला. मग हार्ट पाठवलं.

*

आता शेवटचा. हा मी फार कोणाला सांगत नाही.

सीमेपलीकडच्या एका विश्रामगृहात मोठी बैठक होती. दोन्ही राज्यांचे वरचे अधिकारी येणार होते. आधी माझं सादरीकरण, मग वैशालीचं. ईशान बाटलीला तोंड लावत नव्हता, त्यामुळे जीपमध्ये मी, फाइली, सासूबाई आणि ईशान. वैशालीही परीला घेऊन आली होती. सासूबाई व्हरांड्यात सतरंजी टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही पोरं माह्यापाशी द्या. जा तुम्ही."

परी त्यांच्या मांडीवर झुलत लगेच झोपली. अर्थातच.

मी आत गेले. दार लागलं. माझी दुसरी स्लाइड सुरू झाली आणि बाहेर ईशान रडायला लागला. आधी कुरकुर, मग तो खास भुकेचा सूर, जो शंभर पोरांच्या गलक्यातही ओळखू येतो. मला पान्हा फुटला. ओढणी पुढे ओढून घेतली आणि धडाधड स्लाइड्स पुढे ढकलायला लागले. तेवढ्यात एका साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, "मॅडम, जरा मागची स्लाइड परत दाखवता का?"

मी दाखवली. मग त्यांनी त्याच्याही मागची मागितली.

आणि बाहेरचं रडणं एकदम थांबलं. एकदम! ते रडण्याहून वाईट होतं. मी पुढे काय बोलले, मला आठवत नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मी दारात होते.

व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर वैशाली बसली होती. अंगावर ओढणी. ओढणीखालून दोन बारीक पाय बाहेर आलेले. ते पाय मी कुठेही ओळखले असते.

सासूबाई लंगोट घडी करत म्हणाल्या, "पोरगं कळवळून राहिलं होतं. तू त आत भाषण देऊन राहिली होती. हिनं घेतलं."

दुसऱ्या बाईचं दूध असं परस्पर पाजू नका, हे आम्ही दोघीच ट्रेनिंगमध्ये सांगतो. गरोदरपणातल्या सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट आम्ही एकमेकींना दाखवले होते, म्हणून ती भीती नव्हती. (तिचं हिमोग्लोबिनही जास्त!) पण मला जे वाटलं त्याचा तपासण्यांशी काही संबंध नव्हता. ईशान तोंड उघडं टाकून झोपला होता. ओठाच्या कोपऱ्यात दूध. वर पंखा फिरत होता आणि त्याने एकदाही वर पाहिलं नव्हतं म्हणे.

थँक्यू म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "खूप वेळ प्यायला का?"

"अगं, ओढून ओढून प्यायला," वैशाली हसत म्हणाली. "उपाशीच होता वाटते बिचारा."

उपाशी. मी ईशानचे पाय गोळा करून ओढणीने झाकत राहिले.

आतून हाक आली, "वैशालीजी, आपका नंबर!" तिने ईशानला सासूबाईंकडे दिलं, वेणी मागे टाकली आणि ती आत गेली. दार लागलं.

आणि परी उठली. जिचा आवाज मी आजवर ऐकलाच नव्हता, त्या परीने असा काही भोंगा लावला की जीपमध्ये डुलकी घेणारे बंडूभाऊ खाली उतरले. सासूबाईंनी एका हाताने ईशान सांभाळत तिला थोपटलं, हलवलं, चिमणी दाखवली. छे! लाल लाल झाली पोरगी.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आता काहून पाहून राहिली वं? घे तिले."

"आई, पण माझं... हिला कुठलं पुरणार?"

"पिऊन त पाहू दे तिले!"

बंडूभाऊ न सांगता पाठ करून जीपकडे निघून गेले. मी परीला घेतलं. केवढी जड! तिने एक क्षण माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि मग लागली. इकडे बघणं नाही, तिकडे बघणं नाही. घट् घट् आवाज मला ऐकू येत होता. माझं मंगळसूत्र तिने मुठीत धरलं होतं. हळूहळू मूठ सैल झाली. श्वास लांब झाला. गुबगुबीत परी माझ्या हातावर गाढ झोपली, आणि माझी दुसरी बाजू अजूनही ओली होत होती.

सासूबाईंनी आपल्या पदराने माझा घाम पुसला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

दार उघडलं. वैशाली ओढणी सावरत जवळजवळ पळतच आली. परीला पाहिलं. मग मला. मग पुन्हा परीला.

"झोपली?"

"हो."

"झुलवल्याशिवाय?"

"हो."

"गाणं पण नाही म्हटलं?"

"नाही गं. प्यायली आणि झोपली."

ती शेजारच्या खुर्चीत बसली. परीच्या ओठांवरचं दूध तिने बोटाने पुसलं. मग सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात माझ्याकडे झुकून म्हणाली,

"प्राजक्ता, खरं सांग... तू खाते तरी काय वं?"