टाचणीकाकू आणि न भुंकणारा बॉबिन

टाचणीकाकूंना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण नाव चपखल होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत तुम्ही नवी पँट चार बोटं आखूड करायला गेलात, की काकू तुम्हाला आरशासमोर स्टुलावर चढवायच्या, गळ्यातली टेप सारखी करायच्या आणि ओठांत सात-आठ टाचण्या धरून तुमच्या पायाशी बसायच्या. मग तुम्ही हवापाण्यावर बोला, जावयाच्या तक्रारी सांगा, नाहीतर गाणं म्हणा, काकूंचं उत्तर एकच. "हं." गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई कामात किती गढून जाते! त्या गढून जायच्या यात वाद नाही. कोटाचं अस्तर असं बदलायच्या की शिंप्यानेही तोंडात बोट घालावं. पण गेली चार वर्षं त्या टाचण्यांकडे आणखी एक काम होतं. काकूंना ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार नव्हे. बारीक आवाज आधी गेले. दाराची बेल गेली, फोनची रिंग गेली, बायकांचं, पोरांचं बोलणं निम्मं गेलं. जाड आवाज तेवढे उरले. आता यावर डॉक्टर असतात, कानात घालायची यंत्रं असतात, हे काकूंना कळत नव्हतं असं नाही. पण कानात यंत्र दिसलं की लोक म्हणणार, काकूंना आता दिसतही कमी असेल, शिलाई वाकडी येत असेल. पस्तीस वर्षं हाताला मान मिळालेल्या बाईला हे कसं सोसावं? म्हणून त्यांनी सगळी सोय करून ठेवली. मापं गिऱ्हाइकाच्याच हाताने वहीत लिहून घ्यायची. "नंतर वाद नकोत," असं वर बजावायचं. आणि तोंडात टाचण्या धरायच्या. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला "ऐकलंत का?" असं कुणी विचारत नाही.

या सगळ्या चतुराईत राहिलं होतं ते दार.

मशीन खिडकीशी होती, उजेडासाठी, त्यामुळे काकूंची पाठ दाराकडे. गेल्या हिवाळ्यात त्यांची लेक न कळवता आली. तीन तासांचा प्रवास करून आली आणि जिन्यात चाळीस मिनिटं उभी राहिली. काकू दोरा आणायला म्हणून बाहेर निघाल्या तेव्हा लेक पायरीवर बसलेली. काकूंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "अगं, डोळा लागला होता माझा." लेक आत आली. चहा घेतला, घड्याळ पाहिलं आणि जाताना एवढंच म्हणाली, अगदी समोर उभी राहून, त्यामुळे काकूंना ते कळलं, "आई, हे असं पुन्हा झालं ना, तर मशीन विकायची आणि तू माझ्याकडे राहायला यायचं. मी वाद घालणार नाही."

लेकीच्या घरी मागची खोली रिकामी होती. चांगली हवेशीर खोली. काकू तिला मनातल्या मनात 'वखार' म्हणत.

मग बॉबिन आला. गिऱ्हाइकांपैकीच कुणाच्या तरी कुत्रीला सहा पिल्लं झाली होती, त्यातलं सगळ्यात जाड आवाजाचं काकूंनी निवडून घेतलं. लोक डोळे बघून पिल्लू घेतात, काकूंनी घसा बघून घेतलं. बेल वाजली की बॉबिन असा भुंकायचा की मशीनच्या पत्र्यालाही कंप सुटायचा. काकू उठायच्या, दार उघडायच्या, झकास चाललं होतं. पाच महिने त्यांनी एकही बेल चुकवली नाही.

पण खाली राहत होते बँकवाले आजोबा. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुपारी झोपायची सवय आणि काकूंची गिऱ्हाइकं यायची दुपारीच. आजोबांनी आधी छताला काठीने ठोकून पाहिलं, ते काकूंपर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. मग त्यांनी इमारतीच्या कमिटीला पत्र लिहिलं आणि कमिटीने काकूंना. पंधरा दिवसांत कुत्र्याचं भुंकणं थांबवा, नाहीतर कुत्रा हलवा.

काकूंनी हिशेब मांडला. कुत्रा गेला की बेल गेली, बेल गेली की मशीन गेली आणि मशीन गेली की वखार. त्यांनी फोनवर शोधून कुत्र्यांची एक ट्रेनर बोलावली, पैसे आगाऊ दिले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. जरा घाईच केली म्हणायची.

ट्रेनर म्हणजे चाळिशीची उंचपुरी बाई. पूर्वी मोटार चालवायला शिकवायची. अजूनही बॉबिन भलतीकडे निघाला की तिचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. तिचा आवाज बारीक होता, म्हणजे नेमका काकूंना न येणाऱ्यातला. पहिल्या दिवशी ती स्टुलावर बसून पंधरा मिनिटं समजावून सांगत होती आणि काकू खाली मान घालून एका पडद्याला टाचण्या लावत होत्या. शेवटी तिने विचारलं, "काकू, बेल वाजल्यावर त्याने तुम्हाला काहीतरी इशारा द्यायला हवा, की एकदम गप्प बसायला हवा?"

"हं," काकू म्हणाल्या.

"म्हणजे एकदम गप्प?"

"हं."

हा संवाद काकूंना पुढे कळला, ट्रेनरनेच नक्कल करून दाखवला तेव्हा. त्या दिवशी त्यांना एवढंच दिसलं की बाई समजूतदारपणे मान हलवते आहे, म्हणून त्यांनीही हलवली.

काम मात्र बाईने चोख केलं. कोपऱ्यात एक चटई टाकली. बेल वाजली की चटईवर जायचं, बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि चीजचा तुकडा मिळेपर्यंत हलायचं नाही. बॉबिन खादाड असल्यामुळे हुशारही निघाला. दहाव्या दिवशी तर बँकवाल्या आजोबांनी जिन्यात गाठून काकूंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ काहीतरी छान छान बोलले. काकूंनीही "हं, हं" केलं.

अकराव्या दिवशी, मंगळवारी, संध्याकाळी दोरा कापून काकूंनी मागे वळून पाहिलं तर दाराखालून तीन चिठ्ठ्या सरकवलेल्या. 'काकू, येऊन गेले. चारदा बेल वाजवली.' दुसरीवर तेच, तिसरीवर जरा रागावून तेच. आणि चटईवर बॉबिन, छाती काढून, तोंड मिटून, चीजची वाट बघत. दुपारभर तो असाच अधूनमधून उठून चटईवर जाऊन बसत होता आणि काकूंना वाटत होतं, पिल्लू आता शहाणं झालं.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. रविवारी लेक येणार होती.

त्यांनी ट्रेनरला मेसेज केला, 'ताबडतोब या.' ती बुधवारी सकाळीच आली, काय बिघडलं म्हणून जिने चढतानाच धास्तावलेली. काकू दार उघडं टाकून तिची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. शेवटची खोचायला जरा वेळच लावला.

"मला बेल ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात तेही मला ऐकू आलं नव्हतं. चार वर्षं झाली. मी कुणाला सांगितलेलं नाही."

बोलून झाल्यावर आता आभाळ कोसळणार अशा तयारीने त्या बसून राहिल्या. ट्रेनर उठली, स्टूल उचललं, खिडकीशी नेऊन काकूंच्या अगदी समोर ठेवलं आणि उजेडात तोंड करून बसली.

"आता दिसतंय माझं तोंड?" तिने सावकाश विचारलं.

"दिसतंय."

"मग ऐका. एका गृहस्थांना मी महिनाभर गाडी शिकवली. लाल आणि हिरव्यातला फरक आपल्याला कळत नाही, हे त्यांनी मला परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगितलं. तुम्ही त्या मानाने पुष्कळ लवकर सांगितलंत, काकू."

काकूंना हसू फुटलं. चार वर्षांचं ओझं असं एका स्टुलावर उतरेल, हे त्यांना खरंच वाटलं नव्हतं. इतकं हलकं वाटलं की त्यांनी तिला दोनदा चहा पाजला आणि तिच्या जाकिटाची बिघडलेली चेन तिथल्या तिथे बदलून दिली.

चार दिवसांत बॉबिनला नवं काम शिकवायचं होतं. बेल वाजली की आवाज न करता यायचं आणि काकूंच्या डाव्या गुडघ्याला नाक लावायचं. डाव्या, कारण उजवा पाय मशीनच्या पेडलवर. गुरुवारी तो आधी चटईवर जायचा, मग आठवण झाल्यासारखा परत यायचा. शुक्रवारी गुडघ्याऐवजी त्याने पुढचे दोन्ही पाय मांडीवर टाकले आणि एका बाहीवर अशी वाकडी शिवण पडली की पस्तीस वर्षांत पडली नव्हती. ट्रेनर दाराबाहेर उभी राहून बेल दाबायची, आत येऊन बघायची, पुन्हा बाहेर जायची. तिने त्या चार दिवसांत किती फेऱ्या घातल्या ते तिचे गुडघेच सांगतील. शनिवारी संध्याकाळी, काकू पडद्याची लांब शिवण मारत असताना, डाव्या गुडघ्याला काहीतरी थंड आणि ओलं लागलं. त्यांनी जाऊन दार उघडलं. ट्रेनरचं बोट अजून बेलवरच होतं.

रविवारी अकराच्या सुमारास गुडघ्याला नाक लागलं. काकूंनी दार उघडलं तर समोर लेक.

"अगंबाई, एका बेलमध्ये!" लेक म्हणाली. चेहऱ्यावरून वाटलं, तिलाही बरं वाटलं. म्हणजे परीक्षा पास झाली, मशीन वाचली. काकूंचा जीव भांड्यात पडला. आता गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं आणि गप्प बसण्याचा त्यांना चांगला सराव होता. पण बुधवारची ती हलकेपणाची चव तोंडात राहिली होती. लेकीने चपला काढायच्या आत त्या बोलून गेल्या.

"मला बेल ऐकू आली नाही. याला आली. याने मला सांगितलं. मला ऐकू येत नाही गं, कधीचं."

लेक एका पायात चप्पल तशीच ठेवून उभी राहिली. मग भिंतीला टेकली, खाली बघत काहीतरी पुटपुटली. काकूंना ओठ दिसले नाहीत. एरवी अशा वेळी मान आपोआप हलायची आणि त्या दिवशीही ती हलायच्या बेतात होती. काकूंनी ती धरून ठेवली.

"कळलं नाही मला," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघून परत सांग."

लेकीने तोंड वर केलं. डोळे भरलेले होते.

"तेव्हा, त्या दिवशी, बाहेर मशीनचा आवाज येत होता," ती म्हणाली, एकेक शब्द सुटा करून. "तू म्हणालीस डोळा लागला होता. पण मशीन चालू होती, आई. चाळीस मिनिटं ऐकत होते मी. फोनवरही तू मधेच ठेवून देतेस. मला वाटलं, मी तुला नकोशी झालेय. खरं ना?"

या प्रश्नाला काकू आत्ता, न ऐकताच, "हं" म्हणणार होत्या.

"नाही!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की बॉबिन कित्येक दिवसांत पहिल्यांदा भुंकला. "वेडी आहेस का तू? नाही! मी बहिरी आहे, एवढंच!"

लेक आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. खालून काठीचे ठोके आले, ते तिनेच आईला सांगितले. दुपारी जेवताना ती काकूंच्या शेजारी न बसता समोर बसली. डॉक्टरांकडे बुधवारी जायचं ठरलं, ती स्वतः रजा काढून येणार होती. मागच्या खोलीचा विषय तिने काढला नाही, काकूंनीच काढला, "सणकून पाऊस असेल तेव्हा चार दिवस येईन हो मी, माझी कात्री घेऊन." आणि मग दोघी बोलत बसल्या. चार वर्षांचं साठलेलं होतं. दर दोन-तीन वाक्यांनी काकू हात वर करून थांबवायच्या, "परत सांग," आणि लेक परत सांगायची.