शंकरची रोपं, पाटलांचं खाचर

“आमची पोरं महारवाड्यात जेवायची न्हाईत, मास्तर. चिखलात लोळवा, कवायत करवा, पर तिथं पंगतीला बसवलंत तर तुमची हितनं बदली झालीच म्हणून समजा.”

शाळेच्या दारात उभे राहून पाटील ओरडत होते. त्यांचा आवाज असा की आमच्या हिर्डोशीकडं ते नुसते खाकरले तरी वरंध घाटाखाली महाडात बैल बुजत; मी त्यातल्या दोन बैलांना स्वतः विचारलेलं आहे. मुलाणी मास्तर फळा पुसत होते. ते पुसतच राहिले.

गेल्या महिन्यात भोरहून निरोप आला, मास्तर गेले... आणि मला आधी त्यांचा चेहरा आठवला नाही, पाटलांचा हा आवाज आठवला. तो ऐकून न हललेला एकच माणूस मी पाहिला, म्हणून असेल.

स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मास्तर भोरचे, आमच्या शाळेवर नवे. येताना छत्री घेऊन आले होते. आमच्या वाऱ्यानं ती आधी उलटी केली आणि मग मास्तरांसकट उचलून धनगरांच्या वाड्यावर नेऊन ठेवली, असं मी आजही सांगतो. तेव्हापासून ते आमच्यासारखं पानांचं इरलं पांघरू लागले, एवढं मात्र खरं. मुलांना समता, बंधुभाव शिकवा असा वरून हुकूम होता आणि पुस्तकात त्यावर एक धडाही होता. मास्तरांनी तो वाचून दाखवला. आम्हाला झोप आली, त्यांनाही आली असावी. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “तुमच्याकडं इर्जिक घालतात ना? आपण शाळेची घालू.”

इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच्या रानात राबायचं आणि त्याच्याच घरी जेवायचं, मग पुढच्याच्या. मजुरी नाही, पण जेवण चुकवायचं नाही. न जेवता उठलं तर ती इर्जिक नव्हे, वेठ. हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

पहिला मान पाटलांचा. सगळी शाळा त्यांच्या मोठ्या खाचरात भातलावणीला उतरली. महारवाड्यातला शंकर आमच्यात सगळ्यात चपळ. त्याचं रोप चिखलाला टेकायच्या आधीच मूळ धरायचं. काम संपल्यावर पाटलीणबाईंनी आम्हाला ओसरीवर वाढलं आणि शंकरला फडक्यात भाकरी बांधून दिली, घरी जाऊन खा म्हणाल्या. शंकरनं ते फडकं बांधावर ठेवलं आणि तसाच उपाशी गेला. मास्तरही जेवले नाहीत, पोट बिघडलंय म्हणाले. खिळे खाल्ले असते तरी पचले असते असं ते पोट.

पुढची पाळी शंकरच्या घरची. त्याचा बाप तापानं अंथरुणाला खिळलेला, आई एकटी, रोपं जून होत चाललेली. लावणी आणखी लांबली असती तर त्या घरात वर्षभर भात शिजला नसता. आणि नेमके तेव्हाच पाटील दारात.

फळा पुसून झाला. हात झटकत मास्तर म्हणाले, “बरोबर आहे, पाटील. मग हिशोब सारखा करू. शंकर तुमच्याकडं जेवला नाही, म्हणजे त्याचं काम वेठीचं झालं. वेठ तर सरकारनं बंद केलीय. त्यानं लावलेली रोपं आम्ही उपटून नेतो, त्याच्याच खाचरात लावतो.”

“न्या की,” पाटील म्हणाले. “चार काड्या त्या.”

निघालो. बांधावर आम्ही रांगेनं उभे, पाटील शेवटी. रोपं चांगली उभी राहिली होती.

“शंकर, तुझी कुठली रे?”

शंकरनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. “आता कसं वळखायचं मास्तर? समदी एकात एक झाली.”

“पाटील, तुम्हाला ओळखू येतात?”

पाटील खरंच वाकले. इतका वेळ वाकून होते की त्यांच्या पाठीवर एक बगळा बसून, कंटाळून, उडूनसुद्धा गेला. मग म्हणाले, “न्हाई.”

“मग सगळीच उपटायला लागतील.” मास्तरांनी पायजमा वर खोचला, चिखलात उतरले आणि पहिल्या रोपाला हात घातला. त्यांच्यामागं आम्हीही उतरलो. पाटलांचा धाकटा सगळ्यात पुढं.

“थांबा,” पाटील म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे गावाला त्या दिवशी कळलं. “जेवू द्या पोरास्नी तिकडं. माझं पीक ऱ्हाऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी शंकरचं खाचर लावून झालं. त्याच्या आईनं नाचणीची भाकरी आणि सुकट वाढली. मास्तर पंगतीत आमच्या मधोमध, पाटलांचा धाकटा पुन्हापुन्हा भाकरी मागतोय... पाटलांचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही, एवढी मोठी थाप मलाही पेलायची नाही. पण त्या वर्षी शंकरच्या घरी भात शिजला. आणि पुढच्या इर्जिकीला पाटलीणबाईंनी शंकरचं पान ओसरीवर मांडलं. अगदी टोकाला, पण ओसरीवर.

परवा भोरला चाचींना, मास्तरांच्या पत्नींना, भेटून आलो. दाराशेजारच्या खुंटीवर ते इरलं अजून आहे. पानं कधीच झडलीत, नुसता बांबूचा सांगाडा उरलाय. त्याच्याकडं बघता बघता इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारून टाकलं. “चाची, मास्तर त्या दिवशी पाटलांना नुसते भिववत होते ना? पाटील थांबा म्हणाले नसते, तर काय केलं असतं त्यांनी?”

चाची तांदूळ निवडत होत्या. सुपातला एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, “उपटली असती.”