देवी निघालेल्या कॅनरी

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंचं तोंड फटकळ आणि त्यांच्या थोरल्या भावाची मान ताठ. वडिलांच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघांचं फाटलं ते सात वर्षं. एकाच इमारतीत वरखाली राहत, पण जिन्यात समोरासमोर आले की दोघंही भिंतीकडे बघत.

भावाने गच्चीवरच्या खोलीत चाळीस कॅनरी पाळल्या होत्या. पक्षी शिंकला की पाण्यात दुकानातली लाल पावडर, पिसं गळली की पावडर. बहिणीला विचारणं म्हणजे नाक कापून घेणं.

एका सकाळी वहिनी बुटांचा खोका घेऊन दवाखान्यात आल्या. आत एक पिवळा नर अंग फुगवून बसला होता.

"वन्सं, ह्यांना कळू देऊ नका. आठवड्यात तीन गेले."

बाईंनी पक्षी मुठीत धरला. पापण्यांवर खपल्या, पायांच्या बोटांवर बारीक गाठी, चोच उघडी टाकून श्वास चाललेला.

"पक्ष्यांना होणारी देवी आहे. डासांमुळे पसरते."

"औषध द्या ना."

"ह्या रोगाला औषधच नाही. खपल्यांमध्ये पू होऊ नये म्हणून मलम देते. बाकीचे वाचवायचे तर मला वर यावं लागेल."

त्या वर गेल्या. भाऊ दार अडवून उभा राहिला.

"तुला कोणी बोलावलं?"

"तुझ्या मेलेल्या पक्ष्यांनी. बाजूला हो."

खोलीच्या खिडकीला जाळी नव्हती आणि बाहेरच्या उघड्या टबात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. बाईंनी टब लाथेने कलंडवला. पाणी भावाच्या चपलांपर्यंत गेलं. दोघांनी एकमेकांचा असा काही उद्धार केला, की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. शेवटी वहिनी ओरडल्या, "पक्षी मरतायत आणि तुम्ही बापाचं श्राद्ध घालताय!"

अकरा आजारी पक्षी दुसऱ्या खोलीत हलवले. खिडकीला जाळी लागली. उरलेल्या सव्वीस पक्ष्यांचा एकेक पंख पसरून बाईंनी पातळ कातडीत लस टोचली. भाऊ पिंजरे हातात देत होता.

नवव्या दिवशी तो भरल्या दवाखान्यात घुसला.

"सगळ्यांच्या पंखांवर गाठी आल्यात! चांगल्या पक्ष्यांना तूच रोग दिलास!"

"लस लागू पडली की टोचल्या जागी गाठ येतेच. निघताना सांगितलं होतं. तू ऐकतोस कुठे?"

"सूड घेतलास."

समोर बसलेले म्हातारबुवा आपला फिंच पक्ष्यांचा पिंजरा उचलून चालते झाले. त्या महिन्यात आणखी पाच-सहा नेहमीचे लोक यायचे थांबले. भावाने गावभर बभ्रा केला होता.

आजाऱ्यांपैकी आठ दगावले. लस टोचलेले सव्वीसच्या सव्वीस जगले. गाठी वाळून गळून पडल्या. गावभर बोललेले शब्द मात्र भावाने मागे घेतले नाहीत.

पुढे काही पक्षी विकायला काढले, तेव्हा त्याने दारावर पाटी लावली : 'लस दिलेले निरोगी पक्षी'. बाईंनी ती जिन्यात वाचली आणि बेल वाजवली.

"लस कोणी दिली, तेही लिही."

"तुझं नाव वाचलं तर कोण फिरकेल इकडे?"

"मग पुढच्या वर्षी लस पुन्हा लागेल, तेव्हा पावडर टोच," म्हणून बाई खाली उतरल्या.

पुढच्या वर्षी लस टोचायला त्या गेल्याच. भावाने दार उघडलं आणि नेहमीसारखा भिंतीकडे बघत उभा राहिला.