सोऱ्याला चोवीस व्होल्ट

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला त्याच्या स्वतःच्या घरात कुणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मलकापुरात ज्युनिअर कॉलेजवर मी अख्खी नोकरी विजेचा धडा शिकवण्यात घालवली. एका सेलचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडला की व्होल्टेजची बेरीज होते, हे वाक्य मी झोपेतही बोलतो, असं आमच्या शोभाचं म्हणणं आहे. (तिनं ऐकलंय म्हणजे खरंच असणार.) पण घरातला बल्ब गेला की ती हाक मारते ती शेजारच्या वायरमनला!

लेकीचं लग्न ठरलं आणि शोभानं जाहीर केलं, रुखवतात विकतच्या कुरडया ठेवायच्या नाहीत, घरच्याच करायच्या. अडचण तिच्या मनगटाची होती. डॉक्टरांनी त्याला पट्टा घातला होता आणि सोऱ्या फिरवायची सक्त मनाई केली होती. ज्यांनी कुरडया केल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो: तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, आणि मग पहाटे त्याचा चीक शिजवून तो गरम असतानाच सोऱ्यातून काढायचा. गार झाला की संपलं. भिंतीची भोकं बुजवायला तो उत्तम, पण कुरडई काही पडत नाही.

"तू फक्त चीक शिजव," मी म्हणालो. "सोऱ्या करंटवर फिरते का नाही पाह्य!"

"अव्हो, राहू द्या न. बाया येतीन, फिरवतीन."

"बायांचे हात काऊन दुखवायचे? सायन्स कायले आहे मंग?"

हायवेवरच्या भंगारवाल्याकडून मी ट्रकच्या वायपरची मोटर आणली, तिच्या दांड्यांसकट. ताकद अशी की सोऱ्या काय, जातं फिरवेल! फक्त तिला चोवीस व्होल्ट लागतात, कारण ट्रकमध्ये बाराच्या दोन बॅटऱ्या असतात. माझ्याकडे बॅटऱ्या नव्हत्या, पण माळ्यावर दोन मेलेल्या कॉम्प्युटरांचे जिवंत पॉवर सप्लाय होते. पिवळ्या तारेत बारा व्होल्ट, काळ्या तारेत शून्य. बारा आणि बारा चोवीस. धडा तोच!

सोऱ्या सासूबाईंचा होता. जुना, पितळी, वरची मूठ फिरवून दाबायचा. ती मूठ मी कापून टाकली आणि सोऱ्याचा स्क्रू वायपरच्या दांडीला वेल्डिंग करून घेतला. सासूबाईंना हे सांगायला सवड झाली नाही. (मध्ये फक्त चार दिवस होते.)

ठरलेल्या दिवशी उजाडता उजाडता गच्चीवर धुतलेली लुगडी अंथरली गेली. गल्लीतल्या बाया आल्या. सासूबाई खुर्चीवर बसल्या. सुनीताही आली. सुनीता माझी जुनी विद्यार्थिनी. बारावीत तिचं प्रॅक्टिकल बिघडलं, तेव्हा मी अख्ख्या वर्गासमोर म्हणालो होतो, "थिअरीत पास हाय तू. प्रॅक्टिकलले पुढच्या वर्षी बस!" हल्ली ती बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. तिला त्या दिवशी मी पापडाचं पीठ मळायला बसवलं होतं.

शोभानं वाफाळता चीक सोऱ्यात भरला. सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. मी रबरी चपला घातल्या होत्या, पॉवर सप्लायचे दोन्ही डबे लाकडी पाटांवर ठेवले होते. सुरक्षिततेत काही म्हणजे काही कमी नव्हतं! पहिल्याची पिवळी तार दुसऱ्याच्या काळीला जोडली आणि बटण दाबलं.

टिक. पहिल्या डब्याचा पंखा एकदा थरथरला आणि थांबला.

पुन्हा दाबलं. टिक.

"जवाईबुवा, सोऱ्या उचकी देऊन राह्यला का?" सासूबाईंनी विचारलं.

"लोड घेऊन राह्यला," मी गंभीरपणे म्हणालो. (याचा अर्थ मलाही माहीत नाही.)

"अव्हो, चीक थंडा होऊन राह्यला!" शोभा पातेल्यावर झाकण घालत म्हणाली. "हातानंच काढू द्या. आई, तुह्या सोऱ्याची मूठ कुठी हाय?"

मूठ भंगारवाल्याकडे होती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सोऱ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. तो सोऱ्या त्यांच्या आईनं दिलेला होता, हे मला तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी घाई करतो. अर्थिंगचाच काहीतरी घोळ असणार म्हणून प्लगची जाड पिन काढायला पक्कड उचलली.

"सर! हात नका लावू त्या पिनेले!"

सुनीता पिठाच्या हातानिशी धावत आली. "काळी तार आतून डब्ब्याच्या पत्र्याले जोडेल असते. पत्रा अर्थिंगले. म्हंजे दोनी डब्ब्यांची काळी तार एकच झाली न! तुमी पह्यल्याचे बारा व्होल्ट सरळ अर्थिंगले भिडवले. थो शॉर्ट होते अन् सोताच बंद पडते. बिचारा सप्लाय शहाना हाय."

कोण शहाणं नाही, ते तिनं सांगितलं नाही.

"म्हणून तर पिन काढतो!"

"मंग उद्या पत्र्यात करंट उतरला तर? रुखवत राहीन बाजूले!"

तिनं दोन्ही प्लग ओढले. दुकानातून हत्यारं मागवली आणि मला हात बांधून बसवलं, कारण प्लग काढला तरी आत बराच वेळ करंट साठून राहतो. माझ्या आयुष्यातली सर्वात लांब दहा मिनिटं! शोभा मंद आचेवर चीक ढवळत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मग सुनीतानं दुसरा डबा उघडला, आतली सर्किटची पट्टी पत्र्यापासून सोडवून प्लास्टिकवर बसवली, पत्र्याचं अर्थिंग होतं तसंच ठेवलं, काळी तार पत्र्याला कुठं लागत नाही ना हे मीटरनं तपासलं आणि मध्ये एक फ्यूज टाकला.

"आता दाबा, सर."

दाबलं. दोन्ही पंखे फिरले! मीटरवर चोवीस! मोटर घुमली! बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी छाती पुढे काढली.

सोऱ्या अर्धा फेरा पुढे गेला. चिकाची बोटभर शेवई लुगड्यावर उतरली. मग सोऱ्या अर्धा फेरा मागे आला. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. शेवई तेवढीच!

वायपरच तो! दांड्यांसकट आणला होता. काच पुसल्यासारखा जात होता आणि येत होता.

"जवाईबुवा," सासूबाई म्हणाल्या, "हे दाबते अन् माफी मांगते."

गच्चीभर हशा पिकला. शोभाही हसली, पट्ट्याचा हात कपाळाला लावून. तेवढ्यानं मला जरा धीर आला. मी वीज बंद केली, दांडीचे नट काढले, सोऱ्याच्या स्क्रूला चिकटून उरलेल्या लोखंडी तुकड्यावर मोठा पाना अडकवला आणि फिरवायला लागलो. दोन तास. सगळा चीक संपेपर्यंत. रुखवतात कुरडया बसल्या, फुलासारख्या, आणि व्याह्यांनी विचारलं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, "मोटरनं काढल्या." मोटरचं नाव मात्र सांगितलं नाही.

त्या दिवशी शेवटची कुरडई घालून मी घामानं निथळत बसलो होतो. सुनीतानं मीटर पिशवीत टाकला, चप्पल पायात सरकवली आणि जिन्यातून वळून म्हणाली, "सर, थिअरीत पास हाय तुमी. प्रॅक्टिकलले पुढच्या उन्हाळ्यात बसा."

शोभानं पुढच्या उन्हाळ्याचे गहू आत्ताच सांगून ठेवलेत.