मामंजींचा टी-ब्रेक

कुणाच्याही घरी गेले की आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, घरातले अण्णा, चपला काढण्याआधी विचारायचे, "मोरी कुठल्या अंगाला हाय?" घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि हे तिच्या खांद्यावरून आत बघतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी आल्यावर तोंड फुगवलं की म्हणायचे, "मशीन चालू करायच्या आधी बंद करायचं बटन हेरून ठेवावं, सूनबाई."

चाकणजवळच्या खेड्यातला हा शेतकरी माणूस पिंपरीच्या एका कंपनीत लागला आणि पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपचा सुपरवायझर होऊन रिटायर झाला. रिटायर कागदोपत्री. निगडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांची शिफ्ट चालूच होती.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या मांड्यांतला जोर गेला आणि लघवी धरवेना. खुर्चीतून उठेपर्यंत काम होऊन गेलेलं असायचं. मी तेव्हा चोपन्न वर्षांची होते आणि मला सगळंच कळत होतं. मी त्यांचं पाणी तोडलं. दुपारी चारनंतर चहासुद्धा बंद. लेंगा घसरू नये म्हणून नाडीला दुहेरी गाठ मारली. एकदा काखेत हात घालून त्यांना उचलायला गेले, तर दोघंही पलंगावर आडवे. माझी कंबर धरली. ते मात्र छताकडे बघत म्हणाले, "आता आपल्याला कोन उचलनार?"

आठवड्याभरात त्यांना ताप भरला. डॉक्टरांना मी पाणी तोडल्याचं मोठ्या अभिमानाने सांगितलं. इन्फेक्शन त्यामुळेच झालंय म्हणत त्यांनी मला अशी काही झापली की मामंजींनाच माझी दया आली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "कूलंटचं पानी तोडल्यावर मशीन जाम व्हनारच की. आन् नाडीला दोन गाठी? इमर्जन्सी स्विचला कुलूप घालतंय का कुनी?"

अशातच माझ्या लेकीचा, केतकीचा, साखरपुडा ठरला. ताथवड्याला हॉल. व्याहीभेटीत घरातल्या थोरल्याने उभं राहून समोरच्या थोरल्याला गंध लावायचं, टोपी-उपरणं द्यायचं, गळाभेट घ्यायची. हा मान मामंजींचा. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "अण्णांना घरीच ठेवू या. चारचौघांत काही झालं तर?"

आतून आवाज आला, "काय व्हईल? लेंगा भिजंल. माझ्या बापानं कधी बसून गंध न्हाई लावलं. महिना हाय ना? लाईन उभी करतो."

नाडी गेली, इलॅस्टिक आलं. पाणी पुन्हा सुरू झालं. फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलं तसं जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसायचं, हात छातीशी धरायचे, पुढे वाकून उठायचं. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. आणि लागो न लागो, दर दोन तासांनी बाथरूम. त्यासाठी ते कंपनीतली जुनी शिट्टी वाजवत. शेजारच्या बाई कुकर बंद करायला धावायच्या. कोरडा लेंगा म्हणजे 'ओके माल', ओला म्हणजे 'रिजेक्शन'. पहिल्या आठवड्यात नुसतं रिजेक्शन. मी दोरीवर लेंगे वाळत घालताना कण्हले की म्हणायचे, "ट्रायल लॉट हाय. दम खा."

साखरपुड्याच्या दिवशी मी दोन लेंगे, मेणकापड आणि टॉवेल भरलेली पिशवी घेऊन निघाले, जणू आठ दिवसांच्या यात्रेला. हॉलमध्ये थोरल्यांसाठी मखमली सोफा मांडला होता. मामंजींनी तो बोटाने दाबून पाहिला. "चिखल हाय ह्यो. ह्यातनं म्हैस उठायची न्हाई." त्यांनी केटररची प्लास्टिकची खुर्ची मागवून घेतली.

गुरुजींचं लांबलं. मग मुलाच्या मावसभावाने माईक धरला आणि सोडेचना. दोन वाजले, शिट्टीची वेळ झाली. मामंजींनी त्याच्या हातातून माईक काढून घेतला. "मंडळी, पाच मिनिटं लाईन बंद. टी-ब्रेक. ज्याला मोकळं व्हायचंय त्यानं माझ्यामागं यावं."

मी खांबाआड गेले. तिथून पाहते तर पुनावळ्याचे पाहुणे, मुलाचे आजोबा, सोफ्यातून वर येण्यासाठी दोन नातवांना हात देत होते. "थांबा राव, मी बी आलो. तासभर धरून बसलोय." मग त्यांचे भाऊ उठले, मग आमचे चुलत दीर. शेवटी गुरुजीही सोवळं सावरत त्यांच्यामागे गेले.

परत आल्यावर व्याहीभेट झाली. मामंजी खुर्चीच्या कडेला सरकले, हात छातीशी घेतले, पुढे वाकले आणि उठले. सकाळची दहा झालेली, म्हणून मोठ्याने "अकरा" म्हणाले. मांड्या थरथरत होत्या, पण व्याह्यांच्या कपाळावरचं गंध सरळ उमटलं. गळाभेट जरा लांबली, कारण दोघंही एकमेकांना धरून उभे होते. पिशवी उघडावी लागली नाही.

येताना हायवेला गाडी अडकली. नवरा पुढे गाडी चालवत होता, आम्ही दोघं मागे. अर्ध्या तासाने मामंजी शांतपणे म्हणाले, "सूनबाई, माल पोचवून रिकामा टेम्पो गळाला तर त्याला रिजेक्शन म्हनत न्हाईत."

मला हसू फुटलं. आवरेना. तीन बाळंतपणं झालेलं चोपन्न वर्षांचं शरीर ते. हसता हसता मी एकदम मांड्या आवळल्या, पण उशीर झाला होता. मामंजींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना या चेहऱ्याचा अनुभव होता.

घरी नवऱ्याने सीट पाहिली. "एवढं सगळं अण्णांनी?"

"नाहीतर कुणी?" मी म्हटलं. खरंच म्हटलं.

"व्हय," मामंजी म्हणाले, "आज ओव्हरटाइम झाला."

पुढे चार वर्षांनी ते गेले, तोवर हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी वाजवून ते बाथरूमऐवजी स्वयंपाकघराच्या दारात आले, भिंतीला टेकले आणि हळूच म्हणाले, "आधी तू जाऊन ये. मी धरतो जरा."